निसानातलं डाळिंब

डाळिंबाच्या फुलाला वास नसतो. नाक अगदी आत खुपसलं तरी लागते ती थोडी धूळ आणि पानांचा कडवट, हिरवा दर्प. ही गोष्ट मला पंधराव्या वर्षी नीट माहीत होती आणि मी तिचा फायदा घेतला. आज पन्नाशीत, त्याच झाडाखाली उभी राहून, मी पुन्हा एकदा फुलाला नाक लावून बघितलं. नाही. अजूनही वास नाही.

सोलापूर स्टेशनच्या मागच्या अंगाला ही बैठी घरं होती. आमचं घर आता घर राहिलेलं नाही. चादरींचे गठ्ठे ठेवायचं गोदाम झालंय. दाराला लोखंडी शटर आलंय, पण जुनी चौकट तशीच आहे, आणि तिच्या उजव्या खांबावर दोन खिळ्यांची भोकं आहेत. तिथं आमची मेझुझा होती, वचन लिहिलेल्या चामड्याची गुंडाळी आत असलेली लहानशी नळी. आत शिरताना बोटं तिला लावायची आणि ओठांना टेकवायची. पस्तीस वर्षांनी मी त्या रिकाम्या भोकांना बोट लावलं, तेव्हा गठ्ठे उचलणारा हमाल म्हणाला, "बाई, रंग ओला न्हाय, भिऊ नका."

परसातलं झाड मात्र आहे. ते राहिलं, कारण भिंतीपलीकडं गौरव्वा मावशी राहिली. कंबरेएवढ्या भिंतीवरून हात लांब करून ती इतकी वर्षं त्याला पाणी घालत आली. तिचे केस पांढरे झालेत, हातात काठी आलीय, आवाज मात्र तोच. मला बघून ती आधी भिंतीपाशी आली, बराच वेळ टक लावून उभी राहिली आणि मग म्हणाली, "शेगुलाची भाची न्हवं तू? यव्वा! केवढी म्हातारी झालीस की गं!"

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आमच्या माणसांना शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाचा आणि शनिवार विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद. सोलापुरात तेवढीही ओळख नव्हती. नवीन माणूस बाबांना विचारायचा, "म्हंजे ख्रिश्चन का?" "नाही." "मग मुसलमान?" "नाही." "मग कोण वो?" बाबा शांतपणे सांगायचे, "रेल्वेवाले." ते इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या सदऱ्याला कायम गरम तेलाचा वास यायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेतला तरी तो वास नखांतून येतच राहायचा.

आई मला आठवत नाही. मला वाढवलं शेगुला आत्यानं. ती बाबांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन भावाकडं आलेली. बाबांनाही तिनंच वाढवलं होतं, त्यामुळं घरात आम्ही दोघंही तिची लेकरं. ती रेवदंड्याकडची, सोलापुरात चाळीस वर्षं काढूनही बोलताना "गो" सुटला नाही. आणि डाळिंब तिचं. नव्या वर्षाच्या सणाला आमच्यात डाळिंब खातात. एका साली खाल्लेल्या डाळिंबाचे दाणे तिनं परसात टोचले. त्याला एक अंकुर आला, त्याच्या शेजारी तिनं लिंबू लावलं. झाडांची जोडी हवी, एकट्या झाडाला बरं वाटत नाही, असं तिचं म्हणणं.

झाड पहिल्यांदा फळलं तेव्हाची गंमत मला चांगली आठवते. लिंबाएवढं एक डाळिंब, एका गालावर तांबूस. आत्यानं ते तोडलं, खुरप्यानं खड्डा काढला आणि पुरून टाकलं. भिंतीपलीकडून मावशी हे बघत होती.

"अगं ए, येड लागलं का तुला? डाळिंब पुरतीस? मड्यागत?"

"तीन वर्षं खायचं नाही गो. आमच्यात तसंच आहे."

"का म्हणून?"

"लहान आहे ते. त्याला अजून कळत नाही."

"झाडाला काय कळायचंय, कप्पाळ?" मावशी हसत सुटली. "मला दे की मग. मी काय तुमच्यातली न्हाय."

आत्या विचारात पडली. नियमात मावशीचं काय होतं, ते तिला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "नको. तुझ्यामुळं झाडाला वाईट सवय लागायची."

आमच्या घरी इब्री महिन्यांचं पंचांग मुंबईहून यायचं, कधी उशिरा, कधी नाहीच. आत्याचं त्यावाचून अडत नसे. मावशीच्या अंगणात पाडव्याची गुढी उभी राहिली की ती तांब्याच्या गडव्याकडं बघून म्हणायची, "निसान लागला गो." चैत्र आणि निसान, दोन्ही एकाच चंद्राबरोबर उगवणारे महिने. मावशी भिंतीवरून कडुनिंबाचा मोहोर नि गूळ द्यायची, तो तोंडात असतानाच आमच्या पेसाह सणाची धांदल सुरू व्हायची. भिंतींना चुना. मग कल्हईवाला यायचा. परसात त्याची भट्टी लागली की नवसागराचा झणझणीत धूर डोळ्यांत जायचा, आणि काळवंडलेलं पातेलं त्याच्या एका फडक्यासरशी चंद्रासारखं होऊन बाहेर यायचं. मी त्या धुरात मुद्दाम उभी राहायची. अजूनही कुठं नवसागराचा वास आला की मला वसंत ऋतू आला असं वाटतं. लोक कोकिळेनं ओळखतात, मी कल्हईनं.

पेसाहला खमीर घरात चालत नाही. आत्या बिनखमिराच्या पातळ भाकऱ्या भाजायची, कडक, पापडासारख्या. मावशी एक तुकडा मोडून चावायची. "ही तर आमची कडक भाकरीच की गं! तुमच्या लोकास्नी राजानं हाकललं, घाईत भाजली म्हणतीस. आमाला कुणी हाकललं बाई?"

आणि मग तो दिवस यायचा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

निसानात, वर्षातून एकदाच, फुललेल्या फळझाडापुढं उभं राहून एक बेराखा म्हणायची असते. बेराखा म्हणजे देवाला धन्य म्हणणारं लहानसं वाक्य. भाकरीची वेगळी, दिव्याची वेगळी, विजेची वेगळी. ही झाडांची. फळ धरायच्या आधी, फुलात असतानाच म्हणायची. बाबांनी मला तिचा अर्थ सांगितला होता: तू धन्य आहेस देवा, जगाच्या राजा, ज्यानं आपल्या जगात काही म्हणून उणं ठेवलं नाही, आणि त्यात चांगले जीव नि चांगली झाडं केली, माणसांना आनंद व्हावा म्हणून.

फळासाठी धन्यवाद देणं मला कळायचं. पण फुलासाठी? अर्धी फुलं वाऱ्यानं गळतात, उरलेल्यांत किडा शिरतो. जे अजून आलेलंच नाही, येईल की नाही ठाऊक नाही, त्याचे आभार आधीच का? मी आत्याला विचारलं होतं. ती लिंबाखालचा पालापाचोळा काढत होती. "अगो, हातात फळ आल्यावर कुणीही म्हणेल," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी ती धुवट पांढरं लुगडं नेसायची. उन्हं उतरलेली असायची, गिरणीचा भोंगा होऊन गेलेला असायचा, आणि तापलेल्या फरशीवर मारलेल्या पाण्याची वाफ पायांना लागत असायची. आत्या आधी लिंबापाशी जायची. डोळे मिटून एक फूल हुंगायची. मग डाळिंबाकडं वळायची, त्याच्या एका फांदीवरून सावकाश हात फिरवायची, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, काटे सांभाळत. आणि मग मोठ्यानं, स्वच्छ, "बारुख अत्ता अदोनाय". अदोनाय म्हणजे देवाचं नाव. बाबा नि मी मागं उभी. भिंतीपलीकडं मावशी, पदर डोक्यावर घेऊन.

"झालं का गं? आता म्हणू?"

"म्हण."

"आमीन!" मावशी अशी ओरडायची की कावळे उडायचे.

"देव काय बहिरा आहे?"

"तुझा देव लांबचा गं. ओरडायला लागतंय."

असं दरवर्षी. मला वाटायचं, हे असंच असतं. जगात सगळीकडं झाडांच्या बेराखेला भिंतीपलीकडून एक लिंगायत बाई आमीन म्हणते.

मग दुष्काळाचं साल आलं. बहात्तरला पाऊस झालाच नाही आणि त्यानंतरचा उन्हाळा माघातच सुरू झाला. इंजिनात पाणी भरायची जी लोखंडी सोंड असते, तिच्यातून गळणाऱ्या पाण्याखाली बायका घागरी लावायच्या. शेडमधले लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. मी शाळेतून आले की दप्तर टाकून रांगेत. अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला, झाडांना काही नाही. डाळिंबाची पानं आधी पिवळी झाली, मग गळाली. लिंबू तर नुसतं काट्यांचं उरलं.

त्याच साली बाबांचं इस्राएलला जायचं ठरत होतं. मुंबईचे नातेवाईक निघाले होते, पुण्याचे पोचलेही होते. कागद झाले होते. निसान संपायच्या आत मुंबईच्या कचेरीत होय की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर आमच्या जागी दुसरं कुटुंब जाणार होतं. सगळं आत्याच्या होकारावर अडलं होतं. ओसरीवर चाललेलं त्यांचं बोलणं मी आतून ऐकलं.

"ताई, तू नाही तर आम्ही नाही. मग मी उद्याच नाही म्हणून कळवतो."

"वेडा आहेस. पोरीला घेऊन जा."

"तुला इथं एकटीला सोडून? मला झोप लागेल?"

मग आत्या म्हणाली, "माझ्या झाडांवर बेराखा म्हटल्याशिवाय मी हे घर सोडायची नाही. फुलू देत. म्हणते, आणि येते तुझ्याबरोबर. नेशील तिथं."

"आणि नाहीच फुलली तर?"

"तर झाडं मला जा म्हणत नाहीत, असं समजेन."

मावशीनं गुढी उभारली. कडुनिंबाला दुष्काळ ठाऊक नसतो, तो त्या सालीही मोहोरला होता, संध्याकाळी सगळ्या आळीवर त्याचा मधाळ-कडू वास. मी आत्याला म्हटलं, "ह्याच्यावर म्हण की. फुललंय." ती म्हणाली, "ते माणसानं खायचं फळ नव्हे." मावशी भिंतीवरून म्हणाली, "का? लिंबोळ्या खात्यात की पोरं." आत्या हसली, पण ऐकलं नाही. पुनवेचा चंद्र आला, पेसाह झाला, चंद्र उतरायला लागला. आत्या रोज सकाळी परसात जायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, दुधाळ दिसायला लागलं होतं. ती फांद्यांजवळ तोंड नेऊन बघायची आणि परत यायची.

आता जे मी कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगते. मला जायचं होतं. सगळे समजतात की पोरीला गाव सोडताना रडू आलं असेल. मला नळ सोडला की पाणी येतं असा देश बघायचा होता. समुद्र बघायचा होता. "मग कोण वो तुम्ही?" असं जिथं कुणी विचारत नाही तिथं एकदा राहून बघायचं होतं. सोलापूरचा, त्या धुळीचा, त्या रांगेचा मला वीट आला होता. आणि माझ्या नि त्या सगळ्याच्या मध्ये उभं होतं एक न फुललेलं डाळिंब.

इंजिनच्या सोंडेचं गळकं पाणी एका चरातून वाहत जाऊन एका जुन्या बंगल्याच्या कुंपणात जिरायचं. तिथं, सगळं गाव करपलेलं असताना, एक डाळिंब लाल झालं होतं. मी रांगेतून ते रोज बघत होते. एका दुपारी, आळीतली कुत्रीसुद्धा सावलीला पडून होती तेव्हा, मी कुंपणातून हात घातला आणि परकराच्या ओच्यात मावतील तेवढी फुलं तोडली. डाळिंबाचं फूल जाड असतं, मेणासारखं. लवकर मान टाकत नाही. घरी आत्या आणि बाबा झोपलेले. खाटेवरच्या लाल चादरीच्या दशांतले दोरे मी ओढून काढले आणि एकेक फूल फांदीला बांधलं. लाल दोरा, लाल फूल. हाताला काटे लागले, गाठी घट्ट बसल्या. लांब होऊन बघितलं. सुकलेल्या काड्यांवर निखारे ठेवल्यासारखं दिसत होतं.

लिंबाला मी हात लावला नाही. लिंबाचं फूल कुठून आणलं असतं, आणि वास कसा बांधला असता?

संध्याकाळी मी ओरडत आत गेले, "आत्या, आलीत! फुलं आलीत!" बाबा शेडवर गेले होते. आत्यानं घाईनं लुगडं बदललं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती परसात आली. लिंबापाशी गेलीच नाही, सरळ डाळिंबाकडं. तो लाल रंग तिला दिसला असणार, कारण ती थबकली, तोंडावर हात नेला. मग पुढं झाली आणि फांदीवरून हात फिरवायला लागली. सावकाश. नेहमीसारखा. मध्येच हात थांबला.

"काटा लागला?" मी विचारलं.

"नाही गो. काही नाही."

मग बेराखा म्हणाली. सुरुवातीचे शब्द मला ऐकूच आले नाहीत, नुसते ओठ हलल्यासारखं झालं. "ज्यानं आपल्या जगात काही म्हणून उणं ठेवलं नाही", तिथून आवाज नेहमीसारखा झाला, स्वच्छ, त्या करपलेल्या परसात. संपल्यावर ती आमीनसाठी थांबली नाही. वळली आणि आत गेली. मावशी भिंतीपलीकडं तोंड उघडं ठेवून राहिली, मग कुणालाच उद्देशून नाही अशी हळूच म्हणाली, "आमीन."

रात्री जेवताना आत्या बाबांना म्हणाली, "कळव. येते मी."

त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून निघायच्या आधी देवापुढं केलेल्या मलिद्याचा, भिजवलेल्या पोह्यांचा नि ओल्या नारळाचा. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा. मावशीनं बांधून दिलेल्या शेंगाचटणीचा, जो विमानातही कपड्यांना येत राहिला. बांधलेली फुलं सुकून काळी झाली होती, ती काढायला मला धीर झाला नाही. आत्याच्या समोर काढणार कशी?

देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही आमच्या दहा आज्ञांतली एक. लहान मुलाला ती भाकरीबरोबर शिकवतात. खोट्या फुलावर बेराखा म्हणणं म्हणजे तेच. साठीच्या, आंधळ्या होत चाललेल्या, आयुष्यात शनिवारी काडी न ओढलेल्या बाईकडून मी ते करवून घेतलं होतं. आणि त्याच खोट्यावर तिला तिच्या झाडांपासून उठवून नेलं होतं. हे मला विमानात कळलं नाही. नंतर कळलं, हळूहळू, तिकडं.

वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या एका गावात आम्हाला घर मिळालं. नळ सोडला की पाणी यायचं. निसानात तिथं खरोखरच सगळं फुलतं, जर्दाळू, अंजीर, घरांच्या मधल्या पट्ट्यात लावलेली डाळिंबं. माणसं घोळक्यानं येऊन बेराखा म्हणायची, मुलं खांद्यांवर. आत्याचे डोळे तिथं डॉक्टरांनी नीट केले होते, तिला गच्चीतून एकेक पाकळी दिसत असणार. मी दरवर्षी म्हणायची, "चल ना आत्या, खाली." ती दरवर्षी म्हणायची, "तुम्ही म्हणा." तिनं त्या देशात झाडांची बेराखा एकदाही म्हटली नाही. मीही म्हटली नाही. मला वाटायचं, तिला कळलंय. ती स्वतःला बाटलेली समजते. विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि मग ती गेली. तिच्या मागोमाग बाबा. जाण्याआधी एकदा आत्या उगाच म्हणाली होती, "सोलापूरला पाऊस झाला असेल काय गो?" तो दुष्काळ सरून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं पावसाची सर आली आणि वाळवंटावर इंद्रधनुष्य पडलं. इंद्रधनुष्याचीही बेराखा असते. शेजारचा मोरोक्कोहून आलेला म्हातारा गॅलरीत उभा राहून ती म्हणाला, पण सुरुवातीला देवाचं नाव आलंच नाही, तो पुटपुटून पुढं सरकला. मी विचारलं, "नाव का गाळलंत?"

तो म्हणाला, "पूर्ण कमान दिसली नाही मला. शंका असली की नाव घ्यायचं नाही. बाकीचं म्हणायचं. कौतुक करायला कुणाची बंदी नाही."

मी गॅलरीचा कठडा धरून राहिले. ओठ हलवून गिळलेले ते पहिले शब्द. फांदीवर थांबलेला हात. आमीनसाठी न थांबणं. इतकी वर्षं हे सगळं माझ्यासमोर पडलेलं होतं, आणि मी फक्त माझ्या गुन्ह्याकडं बघत बसले होते. तिला गाठ लागली होती. तिनं नाव घेतलंच नव्हतं. मग ती आली का? आणि पुन्हा कधीच का म्हणाली नाही? ह्या दोन प्रश्नांसाठी मी निसान धरून सोलापूरला आले. उत्तर देणारं कुणी असेल असं वाटलं म्हणून नव्हे. झाड असेल तर बघावं, एवढंच.

मावशीनं भिंतीवरूनच चहा दिला. मी तिला सांगितलं. एका दमात, मान खाली घालून, फुलं, दोरे, गाठी, सगळं. ती ऐकत होती आणि बशीत चहा निववत होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मला म्हाईत हाय की."

"तुला कसं?"

"तुमी जायच्या आदल्या दिवशी आली हुती ती, हितं, ह्या भिंतीपाशी. म्हणली, गौरव्वा, पोरीनं झाडाला दोरं बांधल्यात. मी गेल्यावर सोड. फांदी जाड झाली की दोरा आत रुततो, झाडाला दुखतंय. मी सोडलं की सगळं. एक लई वर हुता, हात पुरंना. पावसात कुजून गेला आपोआप."

"रागावली होती?"

"राग कशाचा? हसत हुती. म्हणली, झाडं न्हाय बोलली, पोर बोलली. तिला जायचं हाय आन् माझ्यापायी अडकलीय. चोरून फुलं बांधण्याइतकं जायचं हाय तिला, मग मी कशाला आडवी पडू?"

मावशीनं चहा प्याला, बशी पालथी घातली.

"आन् म्हणली, अर्धंच म्हटलंय मी. देवाचं नाव मागं ठिवलंय. पाऊस पडू दे, ह्याला खरं फूल येऊ दे, मी येऊन पुरं करते. तवर दुसऱ्या झाडावर म्हणायची न्हाय. मी म्हटलं, कधी येतीस? म्हणली, बघू की." मावशीनं काठी भिंतीला टेकवली. "फुडच्याच साली फुललं बघ. लई फुललं. मी दरसाल गुढी उभी केली की वाट बघायची. भिंतीकडं बघायची. कुणी येतंय का. मग एकटीच आमीन म्हणून टाकायची. कशाला आमीन, काय म्हाईत."

म्हणजे मी तिला ओढून नेलं नव्हतं. ती माझ्यासाठी आली होती, तिच्या झाडाकडं पाठ करून, एक वाक्य अर्धं ठेवून. हे आधीच्यापेक्षा हलकं आहे की जड, मला अजून ठरवता येत नाही. मी झाडाकडं बघत राहिले. लिंबू मेलं त्याला बरीच वर्षं झाली, तिथं मावशीनं कढीपत्ता लावलाय. डाळिंब जाड झालंय, वाकडं झालंय, बुंध्याला गाठी आल्यात, आणि त्याच्या प्रत्येक डहाळीवर लाल मेणाची फुलं. काहींच्या पोटाशी आत्ताच गोल फुगवटा धरलाय. काही खाली मातीत पडलीत. कुणाला काय होणार ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

गिरणी बंद पडली, आता भोंगा होत नाही. पण उन्हं उतरली होती. मावशीनं तिच्या अंगणात पाणी मारलं होतं, फरशीची वाफ भिंतीवरून इकडं येत होती. मी ओढणी डोक्यावर घेतली. फांदीवरून हात फिरवला, काटे सांभाळत, देठापासून फुलापर्यंत. गाठ कुठंच नव्हती.

मग मी सुरुवात केली. शब्द तोंडात होते. आत्याचा आवाज जिथं खाली गेला होता, तिथं आले, आणि नाव घेतलं. मोठ्यानं, रस्त्यावरच्या हमालाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग पुढचं सगळं, काही उणं न ठेवता.

भिंतीपलीकडं मावशी पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

"झालं का गं? आता म्हणू?"

"म्हण, मावशी."